बाजींनी घरातून काढलेला शब्द

प्रिय अन्वी आणि ईशान,

मे महिन्यात तुम्ही येताय, तिकिटं काढून झाली, असं तुमच्या आईनं कळवलं. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. तुम्ही दारात पाऊल टाकण्याआधी काही गोष्टी तुम्हाला माहीत असायला हव्यात. गेल्या रविवारी फोनवर ईशाननं विचारलं, "आजी, तू मुन्शीला जेवण देऊन त्याच्याकडे पाठ का करतेस? रागावली आहेस का?" आणि अन्वी अजून रुसलेली आहे, कारण माझ्या कुत्र्याला तिनं तिकडून ठेवलेलं 'कुकी' हे नाव मी बदललं. दोन्ही गोष्टींच्या मागे एकच बाई आहेत. त्यांना तुम्ही पाहिलेलं नाही आणि आता पाहता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हालाही सोपं गेलं असतं आणि मलाही. पण ही सगळी हकीकत एका शब्दावर उभी आहे आणि तो शब्द इंग्रजीत नेता येत नाही. अडलात तर आईला विचारा.

त्या बाईंना सगळी शाळा 'बाजी' म्हणायची. उर्दूत बाजी म्हणजे थोरली बहीण. आमच्या औरंगपुऱ्याजवळच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. शहागंजात राहायच्या, सुती साडी नेसायच्या आणि मनगटी घड्याळाची तबकडी हाताच्या आतल्या बाजूला ठेवायच्या. "वेळ दुसऱ्यांना कशाला दाखवायची?" असं त्यांचं म्हणणं. रिक्षानं कुणाकडे गेल्या तर एक गल्ली आधीच उतरायच्या आणि उरलेलं अंतर पायी जायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "एकदम दारात उतरलं की घर दचकतं, मॅडम."

आमची ओळख भांडणानं झाली, आणि ते भांडण त्यांना ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन मी नाशिकहून इकडे आले, शाळेत लागले, त्याचा पहिला दिवस. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी मी सगळ्यांना वाढत होते. बाजींच्या झाकणात एक चमचा घातला आणि दुसरा घालणार, तेवढ्यात त्या बाकावर जराशा सरकल्या आणि म्हणाल्या, "बस, बस."

मी बसले.

'बस' म्हणजे पुरे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मराठीतही आपण 'बस झालं' म्हणतोच. पण त्या सरकल्या, बाकावर जागा झाली, आणि माझ्या कानाला ते बसायला सांगितल्यासारखंच ऐकू आलं. तेही एकेरीत! ना ओळख ना पाळख, आणि सगळ्यांच्या देखत मला 'बस' म्हणतात? मी आठ दिवस त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. नवव्या दिवशी दुसऱ्या एका बाईंनी उलगडा केला. तो बाजींच्या कानावर गेला तेव्हा त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसायला त्यांना पदर घ्यावा लागला. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत, मी शिक्षकांच्या खोलीत आले की त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "या मॅडम. आता मात्र खरोखरच बसा."

त्यांच्या तासाला मुलांना पहिली दहा मिनिटं पेन्सिल हातात घ्यायची परवानगी नसे. टेबलावर एखादी वस्तू असायची, तांब्या किंवा वांगं किंवा कुणाची तरी चप्पल. बाजी म्हणायच्या, "हात मागे. आधी बघा." चाळीस मुलं हात पाठीमागे बांधून एका वांग्याकडे बघत आहेत, हे दृश्य पाहून तपासणीला आलेले एक साहेब हबकले होते. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "चित्र काढणं चाललंय," बाजी म्हणाल्या.

परीक्षेला पर्यवेक्षण असलं की त्या मुलांकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून बसायच्या. मुख्याध्यापिकांनी हटकलं. पण त्यांच्या वर्गात कुणी कॉपी केल्याचं मला आठवत नाही. समोर बघत बसणाऱ्या माझ्यासारखीच्या वर्गात मात्र दरवर्षी दोन-तीन सापडायचे. मला तेव्हा त्याचा थोडा रागही यायचा. नियमानं वागणारी मी, आणि निकाल त्यांच्या बाजूनं.

आता कुत्र्याकडे येते.

तुमचे आजोबा गेल्यावर दोन वर्षांनी तुम्ही दोघांनीच हट्ट धरला की आजीनं एकटं राहू नये, कुत्रा आणावा. इथल्या एका संस्थेतून मी तो आणला. फिकट तपकिरी रंग, एक कान अर्धा दुमडलेला, वय साधारण सहा. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो कित्येक दिवस बसून होता, एवढंच संस्थेतल्या मुलीला माहीत होतं. ती म्हणाली, "आजी, दहा दिवस बघा. रुळला तर तुमचा, नाहीतर मी घेऊन जाईन."

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी कुत्र्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक दोनदा वाचलं आणि वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सहाला फिरणं, आठला जेवण, संध्याकाळी सहाला पुन्हा जेवण. पंधरा मिनिटांत न खाल्ल्यास ताटली उचलावी, असं पुस्तकात होतं, ते मी लाल शाईनं लिहिलं.

तो आला आणि सरळ शिवणयंत्राखाली जाऊन बसला. माझ्या सासूबाईंचं ते पायानं चालवायचं यंत्र आहे. तो आत अंग चोरायचा तेव्हा त्याचं शरीर पायट्याला लागून कुर्र असा आवाज यायचा. पहिले पाच दिवस त्या आवाजापलीकडे मला त्याच्याकडून काही मिळालं नाही.

जेवत नव्हता, हे खरं दुःख. ताटली ठेवली की तो बाहेर यायचा, एक घास घ्यायचा, आणि कुणी रट्टा घातल्यासारखा मागे सरून यंत्राखाली जायचा. पुन्हा कुर्र. मी दूधभाकरी करून पाहिली, अंडं दिलं, दहीभात दिला. आपल्या घरात कधी न शिजलेलं चिकनसुद्धा शेजारून उकडून आणलं. प्रत्येक वेळी एकच घास. मग पंधरा मिनिटांनी मी नियमाप्रमाणे ताटली उचलायची. स्वयंपाकाला येणारी शोभा म्हणायची, "बाई, ह्यो लई मानी दिसतोय. तुमच्या घड्याळावर न्हाई जेवायचा." डॉक्टरांनी वजन केलं आणि म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल.

तुमच्या आजोबांनी शेवटच्या महिन्यात असंच एका घासानंतर ताट सरकवलं होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या हातचं पुन्हा कुणीतरी असं सरकवतंय, हे मला सहन होत नव्हतं. तो परत गेला असता तर मी दुसरा आणला नसता. तो हरला, असं कुणाला वाटलं असतं. मला वाटलं असतं, मी हरले.

पाचव्या दिवशी बाजींना ईदनंतरचा नेहमीचा फोन करायचा राहिला होता तो केला, आणि बोलता बोलता हे सगळं बाहेर आलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी येते."

"तुम्हाला कुत्र्यातलं कळतं?"

"अजिबात नाही. पण मी येते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मी त्याला हात लावणार नाही. त्याची लाळ लागली तर मला कपडे बदलल्याशिवाय नमाज पढता येत नाही. चालेल?"

"अहो, हात लावल्याशिवाय काय उपयोग?"

"बघू की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्या आल्या. अर्थातच गारखेड्यात आमच्या एक गल्ली आधी रिक्षातून उतरून, पायी. एका हातात पिशवी, काखेत स्वतःचा बुटका लाकडी पाट. मी फाटक उघडलं, तर म्हणाल्या, "थांबा. त्याची इजाजत कुठं मिळालीय?" आणि पाट फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला टाकून, घराकडे पाठ करून बसल्या. पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि निवडू लागल्या. एक वाजेपर्यंत. सत्तरी उलटलेली बाई, एप्रिलचं ऊन, डोक्यावर पदर. येणारे-जाणारे वळून बघत होते. समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी मला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे कुणी भाजीवाली नवीन येते का?"

मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "आत काय म्हणतोय?"

"यंत्राखालीच आहे. कुरकुरलं मघाशी."

"मग आज इथंच. पाहुणा आहे तो. पाहुण्याकडं कुणी टक लावून बघतं का? तुम्ही सगळ्या जणी दिवसभर त्याच्या तोंडाकडं बघताय. मी असते तर मीसुद्धा जेवले नसते."

निवडलेली मेथी मला देऊन त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पाट पोर्चमध्ये आला. त्या दिवशी वाटाणे सोलले. मध्येच, मान न वळवता, त्या मोठ्यानं विचारायच्या, "इजाजत आहे का, जनाब?" आतून कुर्र ऐकू आलं की म्हणायच्या, "नाही म्हणतोय. बरं." तिसऱ्या दिवशी पाट उंबरठ्यावर. मी न राहवून म्हटलं, "बाजी, तुमचं हे हात न लावणं म्हणजे आमच्या सासूबाईंचं सोवळं झालं अगदी."

"फरक आहे ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासूबाई आम्हाला दूर सरका म्हणायच्या. मी स्वतःच सरकून बसते."

माझ्या सासूबाईंच्या हयातीत बाजी या घरात आल्या होत्या तेव्हा त्यांचा कप वेगळा ठेवला होता. त्यांनी ते पाहिलं होतं आणि तीस वर्षं एका शब्दानं त्याचा विषय काढला नव्हता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी वाटाण्याची एक शेंग माझ्या हातात दिली. "सोला," म्हणाल्या.

चौथा दिवस शनिवार होता. रविवारी संस्थेतली मुलगी येणार होती. त्या दिवशी यंत्र कुरकुरलं नाही, म्हणून बाजी प्रथमच आत आल्या आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी मुद्दाम उशिरापर्यंत थांबवलेलं जेवण आणलं. तो बाहेर आला. तोंड घातलं. पहिला घास घेतला. बरगड्या दिसत होत्या आणि पाय थरथरत होते. माझा जीव कळवळला. मी वाकून रोजच्यासारखं मायेनं म्हटलं, "बस, बस रे बाळा. बसून खा."

तो सरकन मागे. कुर्र.

बाजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही त्याला जेवू का देत नाही?"

मला इतका राग आला! "मी? नऊ दिवस मी दुसरं काय करतेय?"

"मग त्याला पुरे का म्हणता?"

"मी कुठं पुरे म्हटलं? मी म्हटलं, बस."

बोलताना मी तो शब्द जरा जोरानंच उच्चारला. यंत्राखालून लगेच कुर्र असा आवाज आला. बाजी हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणा."

"बस."

कुर्र.

मी जवळच्या खुर्चीत बसले. एकतीस वर्षं मी मुलांना शिकवलं की एका शब्दाचे दोन अर्थ असू शकतात, वाक्य बघा, संदर्भ बघा. आणि या उपाशी प्राण्याला मी रोज दोनदा ताटली पुढे ठेवून, पहिल्याच घासाला, मायेनं पाठीवरून हात फिरवत सांगत होते, की पुरे कर. आणि तो ऐकत होता. इतका उपाशी असूनही ऐकत होता. हा मानीपणा नव्हता. मी पाहिलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांत तो सगळ्यात शहाणा होता.

"हा आमच्या बाजूचा आहे," बाजी म्हणाल्या. "कुणीतरी याला आपल्या ताटातलं भरवत असणार आणि शेवटी म्हणत असणार, बस." मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. "याला काय दोष द्यायचा? तुम्हीसुद्धा बसला होतात की!"

"आता काय करू?" मी विचारलं.

"काही बोलू नका. ताटली ठेवा, इकडं या. हात मागे."

आणि आम्ही दोघी निवृत्त शिक्षिका, शिक्षा झालेल्या मुलींसारख्या, हात मागे घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग फरशीवर नखांचा आवाज आला. मग स्टीलची ताटली सरकण्याचा. ती सरकत सरकत पार दारापर्यंत गेली. तो तिला चाटत ढकलत होता. मी मान वळवणार होते; बाजींनी नुसतं एक बोट वर केलं. मी वर्गातल्या मुलीसारखी सरळ बसले. बाजींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना पाहायची गरजच नव्हती, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यांच्याबद्दल मला जे वाटलं त्याला आदर हा शब्द कमी पडतो. चार दिवस त्यांनी माझं घर, माझा कुत्रा आणि मला पाठीनं ऐकलं होतं.

रविवारी ती मुलगी पिंजरा घेऊन आली. माझ्या सवयीनं मी खुर्ची पुढे केली आणि म्हणणार, "बस गं," तोच बाजींनी चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. मुलगी घाबरली. बाजी तिला म्हणाल्या, "टेक, बेटा. टेक तिथं. आणि भिंतीकडं बघ." ती बिचारी टेकली. तिघी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि त्यानं ताटली साफ केली.

त्यानंतर जे झालं ते मी पाठीमागे न बघतासुद्धा पाहिलं. तो चालत आला. माझ्याकडे नाही, मुलीकडे नाही. आम्ही सगळ्या जणी आठवडाभर त्याला कुरवाळायला धडपडत होतो. तो गेला त्या एकीकडे, जिनं हात लावायचा नाही असं आधीच सांगितलं होतं. त्यानं ओली हनुवटी बाजींच्या मांडीवर, धुतलेल्या पांढऱ्या साडीवर टेकवली आणि डोळे मिटले.

बाजींचे हात मागेच होते. त्यांनी ते पुढे आणले नाहीत, पाय हलवला नाही. दुपारच्या नमाजची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "बाजी, तुमची नमाज..."

"कपडे बदलता येतात," त्या म्हणाल्या. "हा उठला की उठेन."

तो पाऊण तास झोपला. मुलगी रिकामा पिंजरा घेऊन गेली. पुढच्या वेळी येताना बाजी पिशवीत एक धुतलेली साडी घेऊन आल्या आणि माझ्या कपाटात ठेवून गेल्या, म्हणजे इथंच बदलता येईल. मी तिच्यासाठी दुसरी फळी रिकामी केली. चहा आम्ही एकाच संचातल्या कपांतून घेतला.

नावाचं असं झालं. बाजी शहागंजात गल्लोगल्ली विचारत फिरल्या. एका बोळात वह्या-पुस्तकं बांधून देणारं छोटंसं दुकान होतं, म्हातारे मालक वारले होते, दुकान बंद झालं होतं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, चाचा दुपारी डबा खायचे, कुत्र्याला अर्धी पोळी द्यायचे आणि म्हणायचे, "बस, मुन्शी, बस." अन्वी, तेव्हा मला तुझं 'कुकी' ठेवता आलं नाही. मी दारातून 'मुन्शी' अशी हाक मारली, तेव्हा त्याचा दुमडलेला कान उभा राहिला. आयुष्यात प्रथमच मी तो कान उभा पाहिला. तुला राग आला असेल तर तो माझ्यावर धर, त्याच्यावर नको.

त्यानंतर कित्येक वर्षं दर बुधवारी अकरा वाजता बाजी यायच्या. दर वेळी फाटकाशी उभं राहून विचारायच्या, "इजाजत आहे का, जनाब?" दर वेळी मुन्शी शेपूट हलवायचा आणि दर वेळी त्या खरोखर वाट बघायच्या. मी म्हणायचे, आता कशाला, तो तुमचाच आहे. त्या म्हणायच्या, "म्हणून तर विचारायचं."

बाजी या थंडीत गेल्या. आजारी फार दिवस नव्हत्या. मी शहागंजला गेले तेव्हा का कोण जाणे, एक गल्ली आधी उतरले.

तेव्हा मे महिन्यासाठी सूचना. मुन्शी म्हातारा झालाय, त्याला उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. आल्या आल्या त्याच्या अंगावर धावू नका. भिंतीकडे तोंड करून जमिनीवर टेका, हात मागे घ्या, आणि तो येईपर्यंत थांबा. त्याला वाटलं तर लवकर येईल, नाही वाटलं तर तुमचं जेवण गार होईल. जेवताना काही नको असेल तर 'नको' म्हणा, 'पुरे' म्हणा.

बाजींचा पाट फाटकाशी आहे. बुधवारी अकरा वाजता मुन्शी त्याच्याजवळ जाऊन बसतो. त्यांची साडी दुसऱ्या फळीवर आहे, दर दोन महिन्यांनी मी ती धुऊन पुन्हा घडी करून ठेवते. आणि आपल्या घरी आलेल्या प्रत्येकाला मी अजूनही 'टेका' म्हणते.

तुमची,
आजी